कटिंगचा माथा: कोकण रेल्वे, दरडी आणि पुढच्या पिढीचा हिशेब

१४ जुलै २०२४ च्या संध्याकाळी खेड तालुक्यातल्या दिवाणखवटीजवळ बोगद्याच्या तोंडाशी डोंगराची माती खाली आली आणि रूळ गाडला गेला. विन्हेरे ते दिवाणखवटी या टप्प्यातली वाहतूक जवळपास एक दिवस बंद राहिली. गाड्या वाटेतल्या स्टेशनांवर अडकल्या, काही वळवल्या गेल्या, प्रवाशांसाठी एसटी बोलवाव्या लागल्या. त्याच आठवड्यात गोव्याच्या हद्दीत पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या थांबल्या होत्या. चाकरमान्यांचे हाल झाले, लोक चिडले, आणि ते चिडणं रास्तच होतं. पण दिवाणखवटीत कोणाचा जीव गेला नाही, आणि या प्रकरणाचा अभ्यास मला तिथूनच सुरू करावासा वाटतो.

कारण त्याच्या २१ वर्षं आधी असं घडलं नव्हतं. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीतली विशेष गाडी वैभववाडीजवळ कटिंगमधून, म्हणजे रुळासाठी डोंगर कापून केलेल्या उघड्या खाचेतून, खाली आलेल्या दगडमातीवर आदळली आणि ५१ माणसं गेली. वर्ष उलटायच्या आत, १६ जून २००४ ला, रायगड जिल्ह्यात करंजाडी आणि वीर या स्टेशनांच्या दरम्यान मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर पडलेल्या दगडांमुळे घसरली आणि डबे पुलावरून खाली गेले. पुन्हा माणसं दगावली. दोन्ही अपघात पावसाळा नुकता लागल्यावरचे, दोन्हींचं कारण डोंगराच्या कापलेल्या कडेत.

डोंगर तोच, पाऊस तोच, मार्गही तोच. मग २००३ आणि २०२४ मध्ये काय बदललं, आणि काय बदललेलं नाही? माझ्या मते कोकणात यापुढे जे काही बांधलं जाईल, त्या प्रत्येकाला या प्रश्नाच्या उत्तराचा उपयोग आहे.

रेषा आखली तेव्हा

कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये उभं राहिलं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, कोकणातून निवडून गेलेले मधू दंडवते अर्थमंत्री होते आणि ई. श्रीधरन महामंडळाचे प्रमुख. भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. उरलेला पैसा बाजारातून रोखे काढून उभा केला. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, लहानमोठे दोन हजारांच्या घरातले पूल, खर्च सुमारे साडेतीन हजार कोटी. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग सुरू झाला.

या कामातला मोठ्या दृष्टीचा निर्णय मार्गाच्या भूमितीचा होता. ताशी १६० किलोमीटर वेग डोळ्यांपुढे ठेवून चढ १५० मीटरला एक मीटरपेक्षा जास्त ठेवायचा नाही, वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी ठेवायची नाही, असं ठरलं. त्या काळात इतक्या वेगाच्या गाड्या या भागात धावणार नव्हत्या. पुढच्या पिढीला कधीतरी लागतील म्हणून आधीच करून ठेवलेली ती सोय होती. एकदा रेषा वाकडी आखली की ती सरळ करायला पुन्हा सगळे पूल आणि बोगदे बांधावे लागतात, हे ज्यांना कळत होतं त्यांनी घेतलेला हा निर्णय आहे आणि त्याबद्दल त्यांचे उपकार मानायला हवेत.

पण सह्याद्रीच्या पायथ्याशी सरळ रेषा हवी असेल तर डोंगर कापावाच लागतो. रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. १२५० मीटरच्या त्रिज्येत रेल्वेला ते जमत नाही. दरी आली की पूल, उंच डोंगर आला की बोगदा, आणि बोगदा परवडू नये इतकी बुटकी टेकडी आली की कटिंग. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतात. कटिंगचे फोटो कोणी काढत नाही, आणि मार्गाचं दुखणं नेमकं तिथे होतं.

पूल आणि बोगदे शंभर वर्षांच्या हिशेबाने बांधले गेले. कटिंगच्या कडा मात्र बऱ्याच ठिकाणी उभ्या राहिल्या. याला मी हलगर्जीपणा म्हणणार नाही. रोख्यांवरचं व्याज दर महिन्याला चढत असतं, पाच वर्षांत संपवायचं काम लांबत असतं, आणि कटिंगची कड आडवी करायची तर वरच्या बाजूला आणखी जमीन लागते. ती जमीन म्हणजे कोणाची तरी कलमं, कोणाचं तरी घर, आणखी एक भूसंपादनाचं प्रकरण. शिवाय कोरड्या दिवसांत जांभ्याची, कोकणातल्या लाल सच्छिद्र दगडाची, उभी कड अगदी भरवशाची दिसते. चिऱ्याच्या खाणी सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तिथे भिंतीसारखी सरळ कड वर्षानुवर्षं उभी असते.

पाणी कुठून येतं

जांभा वरून घट्ट आणि आतून छिद्रांचा. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पडलेला पाऊस काही प्रमाणात वाहून जातो, बाकीचा छिद्रांतून, भेगांतून खाली उतरतो. जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी मऊ चिकणमातीचा थर असतो, पांढरट, गुलाबी किंवा पिवळसर. पाणी तिथवर येतं आणि अडतं, कारण चिकणमातीतून ते सहज झिरपत नाही. मग ते दोन थरांच्या मधून आडवं सरकू लागतं. पूर्वी ते डोंगराच्या पोटातून फिरत कुठेतरी पऱ्याच्या काठी बाहेर पडायचं. कटिंग केल्यावर त्याला जवळची वाट मिळाली, कापलेली कड.

त्या कडेतून पाणी पाझरू लागलं की खालची माती आधी मऊ होते, मग तिचा गारा होतो आणि ती घळघळू लागते. वरचा जांभा अधांतरी राहतो. त्यात उभ्या भेगा असतातच. एखाद्या रात्री मोठा ठोकळा सुटतो आणि थेट रुळावर येतो. म्हणजे दरड कोसळताना दगड दिसतो, पण काम केलेलं असतं पाण्याने, आणि तेही कित्येक दिवस आधीपासून. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी दरड का येते, हे कोडं इथे सुटतं.

उत्तरेकडे, रायगड आणि रत्नागिरीच्या डोंगराळ भागात काळा कातळ आहे. तिथली तऱ्हा वेगळी. कातळ भेगाळलेला, दोन थरांमध्ये कुजका मुरूम किंवा लाल मातीचा पट्टा, आणि भेगांत झाडांची मुळं शिरलेली. तिथे सुटे धोंडे गडगडत येतात. रत्नागिरी ते निवसर हा पट्टा तर वेगळ्याच अडचणीचा. पोमेंडीच्या कटिंगमध्ये पुन्हा पुन्हा दरडी आल्या, आणि निवसरच्या आसपास रुळाखालची मऊ जमीनच त्रास देत राहिली.

एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. त्यामुळे इथल्या कडेची परीक्षा वर्षातून एकदाच, पण सलग होते. पाचसहा पावसाळे कड टिकली याचा अर्थ ती टिकाऊ आहे असा होत नाही. प्रत्येक पावसाळ्यात थोडी माती वाहून जाते, मुळं थोडी खोल जातात, एखादी भेग रुंदावते. मार्ग सुरू होऊन सहावा पावसाळा लागला तेव्हा वैभववाडी घडलं.

दोन अपघातांनंतरची कामं

त्यानंतर जे झालं ते कंटाळवाणं काम आहे, आणि म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं. फीत कापण्याजोगं त्यात काही नाही. जिथे जमीन मिळाली तिथे उभ्या कडा कापून आडव्या केल्या, मधे पायऱ्यांसारखे टप्पे काढले. कातळाच्या कडांवर पोलादी जाळ्या ताणून बसवल्या, म्हणजे धोंडा सुटला तरी जाळीच्या आतून सरकत तळाशी येतो, उडून रुळावर येत नाही. मातीच्या पायाशी संरक्षक भिंती आणि दगड भरलेल्या जाळ्यांचे बांध घातले. भेगाळ खडकात पोलादी सळया रोवल्या, काही ठिकाणी वर सिमेंटचा फवारा मारला. सैल धोंडे दर उन्हाळ्यात माणसं दोराने लोंबकळून मोकळे करतात. काही उतारांवर वाळा लावला. त्याची मुळं सरळ खाली खोल जातात आणि वरची माती धरून ठेवतात.

यातल्या प्रत्येक उपायाला मर्यादा आहे, आणि ती सांगितली पाहिजे, कारण हेच उपाय आता मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात सर्रास वापरले जात आहेत. सिमेंटचा फवारा मारून कड झाकली आणि मागचं पाणी बाहेर पडायला भोकं ठेवली नाहीत, किंवा ती पुढे मातीने बुजली, तर पाणी आत साठतं आणि एक दिवस सिमेंटसकट सगळं खाली येतं. जाळी धोंड्याला रोखते, चिखलाच्या लोंढ्याला रोखत नाही. वाळ्याची मुळं वरच्या काही फुटांतली माती धरतात. त्याहून खोलवरून सरकणारी कड त्यांच्या आवाक्याबाहेरची.

या सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वात उपयोगी काम आहे कटिंगच्या माथ्यावरचं गटार. सड्यावरून येणारं पाणी कडेपर्यंत पोहोचायच्या आधीच अडवायचं आणि बाजूच्या वहाळात, म्हणजे ओढ्यात, नेऊन सोडायचं. पाणी कडेत शिरलंच नाही तर खालच्या भिंतीवरचा भार बराच हलका होतो. पण हे गटार रुळावरून दिसत नाही. त्यात पालापाचोळा साचला, एखाद्या ठिकाणी ते तडकलं, तर खाली कोणाला कळत नाही, आणि तडकलेलं गटार हे नसलेल्या गटारापेक्षा वाईट, कारण ते सगळं पाणी गोळा करून एकाच जागी कडेत ओततं. म्हणून पावसाआधी माणसाने माथ्यावर चढून, झुडपं तोडून, ते गटार पायी तपासावं लागतं, दरवर्षी. घराघरांत आगोटीची तयारी चालते तेव्हा या मार्गावरही तेच चाललेलं असतं.

वेळापत्रक हाही रचनेचा भाग

अभियंत्यांनी एक गोष्ट मान्य केली, आणि मला वाटतं तिथेच हे प्रकरण वळलं. सगळ्या कडा कधीच पूर्ण सुरक्षित होणार नाहीत. दरड येणारच, ती आली तेव्हा गाडी तिथे नसावी, किंवा असली तर थांबू शकेल इतक्या वेगात असावी.

म्हणून पावसाळी वेळापत्रक. अनेक वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असं होतं. या काळात गाड्यांचे वेग कमी, प्रवास लांबलेला. पाऊस इतका की पुढचं दिसेनासं झालं, तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही असा चालकाला आदेश. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली, मडगाव, कारवार, भटकळ आणि उडुपी इथे पाऊस आपोआप नोंदवणारी यंत्रं. माणगाव ते वीर दरम्यान काळ नदीवर, वीर आणि सापे वामणे यांच्यामध्ये सावित्रीवर, चिपळूण आणि कामथे यांच्यामध्ये वाशिष्ठीवर पुराची पातळी कळवणारी यंत्रणा. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावती या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं. आणि या सगळ्याच्या जोडीला सहाशेहून अधिक माणसं, जी पावसाळाभर दिवसरात्र रुळावरून चालत गस्त घालतात किंवा धोक्याच्या कटिंगपाशी बसून राहतात.

या माणसांविषयी फार कमी लिहिलं जातं. भर पावसात, रात्री, दोन्ही बाजूंना उभी कड असलेल्या चिंचोळ्या कटिंगमधून एकटं चालायचं आणि कड बोलते का ते ऐकायचं. खडे टपटपू लागले, झाड तिरकं झालं, काल स्वच्छ असलेला पाझर आज गढूळ झाला, या खुणा जन्मभर डोंगरात वावरलेल्या माणसाला पटकन कळतात. यंत्रं पाऊस मोजतात, पण कडेचा बदललेला रंग अजून माणूसच ओळखतो. पायाभूत सुविधांच्या अहवालांत हा खर्च पगार या शीर्षकाखाली जातो आणि कपात करायची वेळ आली की सगळ्यांत आधी तिथे हात घातला जातो. माझ्या मते तो खर्च पुलाच्या खांबाइतकाच बांधकामाचा भाग आहे.

जुलै २०२१ मध्ये याची कसोटी लागली. २२ जुलैला चिपळूण बुडालं, वाशिष्ठीचं पाणी पुलापाशी धोक्याच्या वर गेलं. गाड्या आधीच स्टेशनांवर रोखून धरल्या होत्या. हजारो प्रवासी तासन्‌तास अडकले, पण पुराच्या पाण्यात गाडी गेली नाही. याच्या शेजारी महामार्ग ठेवून पाहा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला, आणि पुढे पूल उरलेला नाही हे अंधारात न कळल्याने दोन एसटी बस आणि आणखी वाहनं नदीत गेली. याच सावित्रीवर रेल्वेचीही पुराची पातळी कळवणारी यंत्रणा आहे. रेल्वेच्या पुलाशी पाणी चढलं की गाडी थांबते, कारण थांबवणारी व्यवस्था आहे. रस्त्यावर त्या रात्री ती नव्हती.

२०२५ मध्ये पावसाळी वेळापत्रक १५ जून ते २० ऑक्टोबर असं ठेवलं गेलं. १४४ दिवसांचे १२८ झाले. प्रवाशाला ही लहान सवलत वाटेल, पण त्यामागे वीस वर्षांच्या जाळ्या, भिंती आणि गटारं आहेत. कड जितकी सुधारते तितके दिवस परत मिळतात, असा हा सरळ व्यवहार.

कुंपणापलीकडे

न बदललेली गोष्ट कटिंगच्या माथ्यावर आहे. रेल्वेची हद्द कडेपासून थोड्या अंतरावर संपते. पाणी मात्र त्या हद्दीच्या बऱ्याच वरून येतं. तिथे कोणाची तरी बाग आहे, कोणाचा सडा आहे, कोणाची नवी वाडी उभी राहते आहे.

गेल्या काही वर्षांत सड्यांवर जेसीबी चढले. कलमांसाठी उतार कापून सपाट टप्पे केले जातात, खड्डे घेतले जातात, घरासाठी किंवा रिसॉर्टसाठी टेकडीचा माथा तासला जातो, माती बाजूला लोटली जाते. यात शेतकऱ्याला दोष देण्याचं कारण नाही. आपल्या जमिनीत कलमं लावणं हा त्याचा हक्क आहे आणि खाली दोनशे मीटरवर असलेल्या कटिंगचा विचार करायला त्याला कोणी सांगितलेलंही नाही. पण जिथे पाणी वाहून जात होतं तिथे ते आता मुरतं, आणि जिथे पसरून वाहत होतं तिथे एका घळीत गोळा होतं. खाली रेल्वेने कितीही भिंती बांधल्या तरी वरून येणाऱ्या पाण्याचं गणित दरवर्षी बदलत राहतं.

इथे रेल्वे, महसूल खातं, कृषी खातं आणि ग्रामपंचायत एकत्र बसायला हवीत, आणि तशी बसायची रीत आपल्याकडे नाही. रेल्वेजवळ प्रत्येक धोकादायक कटिंगची माहिती असते. ती ग्रामपंचायतीला मिळाली, कोणत्या सर्व्हे नंबरांचं पाणी कोणत्या कटिंगवर येतं हे गावच्या नकाशावर आलं, तर बागायतदारही टप्प्यांचा उतार डोंगराकडे न ठेवता वहाळाकडे ठेवेल. कोकणातल्या माणसाला पाण्याची वाट कळते. त्याला फक्त खाली काय आहे ते सांगावं लागेल.

दुसरा रूळ

हे सगळं आत्ताच का मांडायचं, तर मार्ग पुन्हा एकदा वाढणार आहे म्हणून. रोहा ते वीर दुहेरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झालं. संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये झालं आणि डिझेलचा धूर गेला. वीरच्या पुढे मात्र मार्ग एकेरीच आहे, गाड्या वाढल्या आहेत, गणपतीत आणि मे महिन्यात जागा मिळत नाही, आणि दुसरा रूळ हवा ही मागणी दरवर्षी जोर धरते. मागणी योग्य आहे. पण वीरच्या दक्षिणेला दुसरा रूळ म्हणजे जुन्या कटिंगच्या शेजारी नवं कटिंग, आणि वीस-पंचवीस पावसाळे खाऊन कुठे थोडी स्थिरावलेली कड पुन्हा सुरुंगांनी हादरवायची.

त्या कामात पहिल्या वेळचा क्रम उलटा व्हायला हवा. जमीन रुळाच्या रुंदीवर न घेता कड जिथे स्वतःहून स्थिर राहील तिथपर्यंत घ्यावी, आणि वर माथ्याच्या गटारासाठी, यंत्र जाईल एवढ्या वाटेसाठी आणखी पट्टा. आधी माथ्याचं गटार, मग कटिंग. ज्या टेकडीचा माथा आणि पायथा दोन्ही अस्थिर आहेत तिथे कटिंगचा हट्ट सोडून बोगदा घ्यावा, पहिला खर्च जास्त झाला तरी. आणि प्रकल्प अहवालात बांधकामाच्या खर्चाशेजारीच कडांच्या देखभालीचा आणि गस्तीचा पुढच्या काही दशकांचा खर्च लिहावा. तो वेगळ्या कागदावर ठेवला की उभी कड नेहमी स्वस्त दिसते आणि बोगदा नेहमी महाग.

पैशाचा प्रश्न यातूनच येतो. कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही संमती दिली. कारण उघड होतं. दुहेरीकरण आणि दरडींवरची कामं पेलण्याइतकं भांडवल छोट्या महामंडळाजवळ नाही. संमती देताना मार्गाचं नाव कोकण रेल्वेच राहावं अशी अट घातली गेली, आणि ती कोकणातल्या माणसाच्या मनातलीच आहे. तिच्या जोडीला आणखी एक अट लिहून घ्यायला हवी: कडांच्या देखभालीचा निधी आणि पावसाळी गस्तीची माणसं या मार्गासाठी स्वतंत्र राखली जातील, देशभराच्या सरासरीत ती विरघळणार नाहीत. सपाट प्रदेशात चालणाऱ्या रेल्वेच्या हिशेबात दर किलोमीटरमागे इतकी माणसं आणि इतका खर्च नेहमीच जादा ठरेल. या मार्गाचा चार महिन्यांचा पाऊस आणि त्याखालची चिकणमाती त्या हिशेबात बसत नाही, आणि हे दिल्लीतल्या टेबलावर मांडायचं काम इथल्या खासदारांनी, आमदारांनी आणि प्रवासी संघटनांनी विलीनीकरणाच्या अटी कागदावर येत असतानाच करायला हवं.